बेघर माणसाचा पत्ता म्हणजे त्याचा मोबाइल नंबर – तुमच्या गावात काय अनुभव आहे?

स्टँडसमोरचं_मेडिकल

नमस्कार मंडळी. मूर्तिजापूर–यवतमाळ लाइनीवरच्या एका तालुक्याच्या गावात माझं औषधाचं दुकान आहे, एस.टी. स्टँडच्या अगदी समोर. या लाइनीवरची शकुंतला रेल्वे बंद पडून बरीच वर्षं झाली. रुळांत बाभळी उगवल्या, पण स्टेशनचा ओटा अन् वरचं छप्पर अजून शाबूत आहे. रात्री तिथं सात-आठ माणसं झोपतात. काही स्टँडवर, काही आठवडी बाजाराच्या टिनाखाली, एखाद-दोन मारुतीच्या पारावर. यातली बरीचशी दिवसातून एकदा तरी माझ्या दुकानाशी येतात, कारण दारालगत प्लगचा बोर्ड आहे. फोन लावतात, बाजूच्या दगडावर बसतात, तासाभरानं घेऊन जातात.

पूर्वी मलाही वाटायचं, ज्याला डोक्यावर छप्पर नाही त्याला फोन कशाला पाहिजे. एका मायमुळे हे मत बदललं.

माय सत्तरीच्या आसपासची आहे. मालक गेले, पोरानं शेत विकलं अन् तो पुण्याकडे निघून गेला. तिला बीपी आहे, शुगर आहे. गोळ्या ग्रामीण रुग्णालयात फुकट मिळतात, तो प्रश्न नाही. प्रश्न असा की ओट्यावर राहणाऱ्या माणसाला वार कळत नाही. "पुढच्या बुधवारी उपाशीपोटी ये" म्हटलं की ती शुक्रवारी जेवून जायची. सकाळची गोळी रात्री, रात्रीची कधीच नाही. मागच्या वर्षी घरातला एक जुना बटनांचा फोन तिला दिला. त्यात दोन अलार्म लावले, सकाळचा वेगळ्या आवाजाचा, रात्रीचा वेगळ्या. वाचता येत नाही म्हणून बटनांवर नंबर बसवून दिले. २ दाबून धरलं की मी, ३ वर आशाताई, ४ वर तिची अकोटची बहीण. चारच महिन्यांत तिची शुगर ताब्यात आली. औषध तेच होतं, फक्त आता ते वेळेवर पोटात जात होतं.

मग ती शेगावला गेली. महाराजांच्या दारी राहिली, इकडं-तिकडं फिरली, चार महिने आलीच नाही. रिचार्ज संपलं. फोन पिशवीत तसाच पडून. नव्वद दिवस सिम वापरलं नाही की कंपनी नंबर बंद करू शकते अन् काही काळानं तोच नंबर दुसऱ्या कुणाला जातो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिचा नंबर गेला. आधारला तोच, बँकेत तोच, श्रावणबाळच्या अनुदानाला तोच. सगळे ओटीपी कुण्या अनोळखी माणसाच्या फोनवर.

नवीन नंबर आधारला जोडायला कागद लागत नाही, अंगठा लागतो. पण कापूस वेचून अन् भांडी घासून तिच्या बोटांच्या रेषाच राहिल्या नाहीत. तीन खेपा वाया गेल्या. शेवटी डोळ्याच्या बुबुळावर काम झालं. मग बँक. तिथं विचारलं, पत्ता काय? ती म्हणाली, "टेसन." अर्ज परत. या सगळ्यात दोन महिने गेले. गोळ्या होत्या, पण गोळीच्या आधी खायला भाकर नव्हती. ते दोन महिने मला अजून टोचतात, कारण एक रिचार्ज मी वेळेवर मारलं असतं तर हे झालंच नसतं.

म्हणून हा धागा. तुमच्या गावात अशा माणसांचे फोन चालू कसे राहतात? चार्जिंग कुठं, रिचार्ज कोण मारतं, चोरी झाली तर काय? जे जे करून पाहिलं असेल ते लिहा.

पूर्णाकाठ

फार महत्त्वाचा विषय काढलात. एक गोष्ट आधीच मांडतो. रात्रनिवारे ही शहरांची योजना आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये लाख लोकसंख्येमागे एक निवारा असं सांगितलं ते शहरांसाठी, अन् पुढं २०१३ पासून शहरी उपजीविका अभियानात निवारे आले तेही शहरांसाठीच. खेड्यात अन् लहान तालुक्यात बेघर माणूस असतो हेच कुणाच्या डोळ्यासमोर नसतं. २०११ च्या जनगणनेत देशात १७.७ लाख बेघर मोजले गेले, त्यातले ८ लाखांवर ग्रामीण भागातले होते. त्यांच्यासाठी तुमचा तो प्लगचा बोर्डच निवारा.

मेळघाटची_आशा

मी आशा स्वयंसेविका आहे, धारणी भागात. आमच्याकडचे बेघर वेगळे, ते सहा महिन्यांचे बेघर. दिवाळी झाली की कोरकू कुटुंबं वेचणीला, वीटभट्टीला खाली उतरतात. अकोट, दर्यापूर, परतवाडा, काही पार मध्य प्रदेशात. गावात घर आहे, पण तिकडं शेतातली पाल नाहीतर भट्टीवरचं खोपटं. गरोदर बाई जाते सहाव्या महिन्यात, येते लेकरू घेऊन. मधल्या काळात तिचं वजन, रक्त, इंजेक्शन काहीच आमच्या रजिस्टरात नसतं.

पूर्वी मी निघताना कागदावर लिहून द्यायची. कागद पावसात जातो, चुलीत जातो. आता निघण्याआधी कुटुंबातल्या एकाचा नंबर घेते, अन् सोबत मुकादमाचाही. दर पंधरा दिवसांनी फोन. "पाय सुजले का, डोकं दुखतं का, लेकरू पोटात फिरतं का" एवढेच प्रश्न. मागच्या हंगामात एका पोरीनं सांगितलं, डोळ्यांपुढं अंधारी येते अन् पाय सुजून चप्पल बसत नाही. मी तिथल्या आशाताईला फोन केला, तिनं त्याच संध्याकाळी १०८ बोलावली. बीपी भलतंच वाढलेलं. आज दोघीही ठीक आहेत, पोरगी अन् तिची पोरगी.

पण एक अडचण लिहिते. फोन असतो नवऱ्याकडे. तो कामावर गेला की बाईशी बोलणं होत नाही. अन् सासूसमोर ती बोलत नाही. म्हणून मी रात्री आठच्या पुढं करते अन् "बाईकडं दे" असं स्पष्ट म्हणते.

स्टँडसमोरचं_मेडिकल

ताई, मुकादमाचा नंबरही घेऊन ठेवायचा हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फोन बंद असला तर माणूस शोधायचा दुसरा धागा हाताशी हवा. उद्यापासून मीही एका माणसामागं दोन नंबर लिहिणार.

निवृत्त_मास्तर

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. फोनचं कौतुक ठीक, पण यांना घर हवं. गाडगेबाबांनी "बेघरांना आसरा" म्हटलं होतं. त्यांनी धर्मशाळा बांधल्या, पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई. त्यांचा जन्म आपल्या शेंडगावचा, १८७६ चा, अन् देह ठेवला १९५६ मध्ये वलगावजवळ. आपल्याच मातीतला माणूस. आज त्यांच्याच अमरावती विभागात माणूस बंद स्टेशनवर झोपतो अन् आपण रिचार्जची चर्चा करतो, याची मला खंत वाटते.

पूर्णाकाठ

मास्तर, तुमची खंत खरीच आहे. पण घरापर्यंत जायची वाटही आता फोनमधूनच जाते. घरकुलाच्या नव्या यादीचं सर्वेक्षण आवास प्लस नावाच्या ॲपवर झालं, चेहरा दाखवून. पैसे मिळतील, पण जागा स्वतःची हवी. जागा नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय जागा खरेदी योजना आहे, तिचा अर्ज वेगळा. भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे, तिचा आणखी वेगळा. प्रत्येक ठिकाणी मोबाइल नंबरचा रकाना आहे. तो रिकामा ठेवून अर्ज पुढं सरकत नाही. घर अन् फोन यांतलं एक निवडायची वेळच येत नाही.

बेड्यावरचा_पोरगा

मी फासेपारधी समाजातला आहे. बेड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीवर, वाढलो, आता पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझं एकच सांगणं आहे, फोन देताना पावती द्या.

आमच्या काकाला एका भल्या माणसानं फोन दिला होता. चांगला, टचचा. चार दिवसांनी बाजारात पोलिसांनी अडवलं. "हा कुठून आणला?" पावती नाही. दिवसभर बसवून ठेवलं, फोन ठेवून घेतला. त्याच फोनमध्ये काकीच्या फेफऱ्याच्या औषधाच्या चिठ्ठीचा फोटो होता. मूळ चिठ्ठी पालावर पावसात भिजून लगदा झाली होती. काकी सहा दिवस बिनगोळीची राहिली. फेफऱ्याची गोळी अचानक तुटली की झटके पहिल्यापेक्षा जोरात येऊ शकतात. तिला दोन आले, एक चुलीजवळ. हातावर डाग आहे अजून.

१८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्येच रद्द झाला. नजर मात्र रद्द झाली नाही. तेव्हा जुना फोन देत असाल तर साध्या कागदावर लिहून द्या: अमुक कंपनीचा, अमुक आयएमईआय नंबरचा (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबर) फोन मी स्वखुशीनं दिला, खाली सही, तुमचा नंबर, तारीख. *#०६# दाबलं की आयएमईआय दिसतो. त्या कागदाला प्लास्टिक करून द्या. अन् टचचा देण्यापेक्षा बटनांचा द्या. तो कुणाच्या डोळ्यात भरत नाही, तीन-चार दिवस चार्ज टिकतो, पडला तरी फुटत नाही.

स्टँडसमोरचं_मेडिकल

दादा, वाचून सुन्न झालो. मी आजवर पाच फोन दिले, एकाचाही कागद दिला नाही. कागद देतोच आहे. काकींना आता गोळ्या नियमित मिळतात का?

बेड्यावरचा_पोरगा

हो. आता चिठ्ठीचा फोटो माझ्या फोनमध्ये, बहिणीच्या फोनमध्ये अन् गावातल्या मेडिकलवाल्याकडे, तीन ठिकाणी आहे. काकींचा फोन बंद पडला तरी गोळी अडत नाही.

वरोऱ्याचा_औषधवाला

टीबीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी बरीच वर्षं क्षयरोग विभागात काम केलं. साधा टीबी सहा महिन्यांत पूर्ण बरा होतो, पण दोन महिन्यांत खोकला थांबतो अन् माणसाला वाटतं झालं. बेघर माणूस नेमका तिथंच हातातून सुटतो. भंगार वेचत पुढच्या गावाला निघून जातो, गोळ्या तुटतात, मग औषधाला दाद न देणारा टीबी घेऊन परत येतो.

आमच्या काळात ९९डॉट्स नावाची पद्धत आली होती. गोळ्यांच्या पाकिटाला आणखी एक वेष्टन असायचं. गोळी दाबून काढली की तिच्यामागं लपलेला नंबर दिसायचा. त्या टोल फ्री नंबरवर रोग्यानं फोन लावायचा, पैसे पडत नव्हते. गोळी काढल्याशिवाय नंबर कळायचाच नाही, म्हणून फोन आला की आम्ही समजायचो आज गोळी घेतली. वर्धा स्टेशनवर राहणारा एक जण रोज न चुकता लावायचा. एक दिवस आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आम्ही उलटा फोन केला तर तो पुलगावला तापानं पडलेला. उपचार तिकडच्या केंद्रात वळवून दिला. निक्षय नंबर, म्हणजे टीबीच्या सरकारी नोंदणीतला रोग्याचा नंबर, असला की रोगी एका केंद्रातून दुसऱ्यात वळवता येतो, हे लोकांना सांगत जा. गाव सोडायला हरकत नाही, फक्त सांगून सोडा.

अन् पोषणाचे पैसे. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिन्याला ५०० मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. ते बँक खात्यातच येतात. खातं नसलेल्या माणसाचं शून्य शिलकीचं जनधन खातं काढून द्यायचं काम फार मोठं आहे, कुणाला हात लावता आला तर लावा.

तिफण

खात्यावरून आठवलं, एक सावधगिरी. आमच्या भागात काही लोक बेघर माणसांना हजार-दोन हजार देऊन त्यांच्या नावानं सिम अन् खातं काढून घेतात. पुढं त्याच खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो, अन् पोलिस येतात ते ओट्यावरच्या माणसाकडं. आमच्या गावच्या एका बुढ्याला तर कळलंच नव्हतं की त्याच्या नावावर चार सिम आहेत. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं, नको ती बंद करायला सांगता येतं. अंगठा देताना कशासाठी देतो ते विचार, ओटीपी कुणालाही सांगू नको, हे फोन देतानाच दहादा सांगा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.

सातासमुद्रापार

मूळ वाशीमची, आता कॅलिफोर्नियात परिचारिका आहे. इथल्या रस्त्यावर राहणाऱ्या रुग्णांचं अगदी हेच दुखणं आहे. सरकारची लाइफलाइन नावाची योजना १९८५ पासून आहे, गरिबांना फोनच्या बिलात महिन्याला ९.२५ डॉलरपर्यंत सवलत. पुढं त्यात मोबाइलही आला. तरी आमचे रुग्ण फोन हरवतात, चोरीला जातात, नंबर बदलतो अन् तपासणीचा निकाल कळवायला माणूसच सापडत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक भेटीत पहिला प्रश्न विचारतो तो नंबर तोच आहे का. दुखणं काय, हा दुसरा. मेडिकलवाले दादा, तुमचा प्लगचा बोर्ड वाचून डोळे भरून आले.

पांढरं_सोनं

रिचार्जचं सांगतो. डेटावाले पॅक महाग अन् अठ्ठावीस दिवसांत संपतात. ट्राय या दूरसंचार नियामकानं डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं की फक्त बोलणं अन् एसएमएस असलेले पॅकही ठेवा, अन् मुदत ३६५ दिवसांपर्यंत देता येईल असं केलं. असे लांब मुदतीचे पॅक आता मिळतात. आम्ही चार मित्र मिळून पाच जणांचं वर्षाचं एकदम मारतो, पोळ्याच्या आसपास, म्हणजे तारीख लक्षात राहते. वर्षभर नंबर मरत नाही.

इंटरनेट नसलं तरी बँकेत पैसे आले का ते कळतं. बऱ्याच बँकांचा मिस्ड कॉलचा नंबर असतो, त्यावर लावला की शिलकीचा एसएमएस येतो. नाहीतर *९९# लावायचं. एका आजीला मी हे शिकवलं. ती दर महिन्याला बँकेपर्यंत अकरा किलोमीटर चालत जायची, पैसे आले नसले की तशीच परत. आता आधी फोन लावते, एसएमएस कुणाकडून तरी वाचून घेते, मगच निघते.

मेळघाटची_आशा

एसएमएस कुणाकडून वाचून घेताना सांभाळून. शिल्लक किती हे पानठेल्यावर जाहीर होऊ नये. आमच्याकडं मी सांगते, शाळेतल्या बाईंकडून नाहीतर अंगणवाडीताईकडून वाचून घे.

निवृत्त_मास्तर

मी वर जे लिहिलं त्यावर दोन दिवस विचार केला. माझ्या घराच्या ओसरीला बाहेरून एक बोर्ड बसवून घेतला आहे. अजून एक विचारायचं होतं. आमच्या स्टँडवर एक तरुण आहे, मनानं बिघडलेला. कुणाशी बोलत नाही, कपड्याचं भान नाही. लोक त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतात, "ओळखत असाल तर कळवा." हे बरोबर का?

वरोऱ्याचा_औषधवाला

मास्तर, फोटो टाकू नका. हेतू चांगला असतो, पण तो माणूस बरा झाल्यावर त्याच अवस्थेतला त्याचा चेहरा गावोगावच्या फोनांत राहतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १०० प्रमाणे अशा माणसाला संरक्षण देऊन तपासणीला नेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. ११२ लावा, शांतपणे सांगा. काय करावं सुचत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. साठीच्या पुढच्या निराधारांसाठी १४५६७. अन् त्याच्याशी रोज दोन शब्द बोला, चहा द्या. बरेचदा अशा माणसाच्या खिशात एखादी चिठ्ठी असते किंवा पाठ असलेला एक जुना नंबर असतो. विश्वास बसला की तो स्वतःच सांगतो.

निवृत्त_मास्तर

धन्यवाद. आज चहा दिला. घेतला त्यानं. काही बोलला नाही.

स्टँडसमोरचं_मेडिकल

मंडळी, सगळ्यांचं वाचतोय, वहीत उतरवतोय. तीन दिवसांत एवढं झालं: आठ जणांचे नंबर अन् प्रत्येकामागं दुसरा एक नंबर लिहून घेतला. दिलेल्या पाच फोनांचे कागद प्लास्टिक करून वाटले. आमच्या गावच्या दोन किराणावाल्यांनी तीन जणांच्या वर्षभराच्या रिचार्जची जबाबदारी घेतली. अन् नंबर फक्त फोनमध्ये न ठेवता मार्करनं गोळ्यांच्या पिशवीवर आतून लिहिला, फोन गेला तरी पिशवी बहुतेक राहते.

मायचं सांगायचं राहिलं. ती परत शेगावला गेली आहे. काल रात्री साडेनऊला फोन आला.

"भाऊ, मी बोलून राह्यलो. गोळ्या शनवारपर्यंत पुरतीन. मंग काय करू?"

म्हटलं, माय, तिथल्याच सरकारी दवाखान्यात जा, पिशवीतलं पुस्तक दाखव, ते देतील.

"थे पुस्तक दाखवलं मी आजच. देतो म्हन्ते थो. पन म्या म्हनलं तुले इचारून घ्यावं."

मग तिनं माझ्या पोरीची परीक्षा कशी झाली ते विचारलं, अन् रिचार्ज कधीपर्यंत आहे तेही. पुढच्या पोळ्यापर्यंत आहे म्हटल्यावर "बरं झालं बाप्पा" म्हणाली अन् ठेवला.

एक मागणं आहे. कुणाकडं जुने चार्जर पडले असतील तर पाठवा. बटनांच्या फोनला ती जुनी चपटी बारीक पिन लागते, नवीन टाइप सी चालत नाही. आमच्या बोर्डावर तीन आहेत, माणसं अकरा. रविवारी बाजार असतो, त्या दिवशी सकाळपासून दुकानात आहे.

बेड्यावरचा_पोरगा

माझ्याकडं दोन आहेत. रविवारी आणून देतो.